सिड बॅरेट : विशीतच थांबलेला सूर

जून १९७५ मधील ही घटना. लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात ‘पिंक फ्लॉइड’ या बँडचे चार वादक आपल्या एका दीर्घ रचनेवरून अखेरचा हात फिरवीत होते. तेवढ्यात एक स्थूल इसम आत येऊन बसला. डोक्याचे केस काढलेले, भुवयाही उतरवलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कोणी तरी स्टुडिओतील कर्मचारी असेल, असे समजून प्रत्येकाने आपले काम सुरू ठेवले. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आले, की हा सिड बॅरेट आहे. बँडला नाव देणारा, त्याचा पहिला गायक, गिटारवादक आणि गीतकार. रॉजर वॉटर्सला अश्रू आवरले नाहीत. त्या दिवशी ज्या रचनेचे काम चालले होते, ती ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ सिडच्याच आठवणीतून जन्मली होती. सिडचे वय तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते.

प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराला आता अर्धशतक उलटून गेले आहे. अर्ध्या अर्ध्या तासाच्या रचना, मध्येच बदलणारे ताल, पाश्चात्य अभिजात संगीताचा आणि जॅझचा वापर, एकाच कल्पनेभोवती गुंफलेली संपूर्ण तबकडी ही त्याची लक्षणे. दोन-तीन मिनिटांत गाणे बदलणाऱ्या आजच्या विशीतल्या मुलामुलींना हे आजोबांच्या काळातले संगीत कसे रुचावे, ही शंका वारंवार घेतली जाते. या शंकेचे बरेचसे निरसन सिड बॅरेटच्या आयुष्यात सापडते. हे संगीत आज जुने झाले असले, तरी ते ज्यांनी निर्माण केले, ते तेव्हा विशीतच होते.

रॉजर कीथ बॅरेटचा जन्म ६ जानेवारी १९४६ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. पाच भावंडांतील तो चौथा. वडील आर्थर मॅक्स बॅरेट हे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ होते. घरात पुस्तके होती, पियानो होता आणि मुलाच्या चित्रकलेला व संगीताला आईवडिलांचे उत्तेजन होते. डिसेंबर १९६१ मध्ये वडिलांचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा मुलाला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच शाळेत थोडा पुढच्या वर्गात शिकणाऱ्या रॉजर वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात कामी आले होते. पितृछत्र हरपलेल्या या दोन मुलांची ओळख पुढे रॉकच्या इतिहासाला वळण देणारी ठरली. केंब्रिजमधील सिड या नावाच्या एका जुन्या जॅझवादकावरून मित्रांनी बॅरेटला ते नाव दिले आणि तेच त्याला चिकटले. स्थानिक महाविद्यालयात डेव्हिड गिल्मर हा आणखी एक गिटारवेडा मित्र त्याला मिळाला.

१९६४ मध्ये सिड चित्रकला शिकण्यासाठी लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात दाखल झाला. वॉटर्स तेव्हा लंडनमध्येच वास्तुकला शिकत होता. निक मेसन आणि रिचर्ड राइट हे त्याचे तिथले सहाध्यायी. या मंडळींच्या हौशी बँडमध्ये सिड सामील झाला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची पहिली नावे एकत्र करून त्याने बँडचे नामकरण केले. वरकरणी निरर्थक वाटणारे हे नाव पुढे जगभर दुमदुमले.

सुरुवातीला हा बँडही इतरांप्रमाणे अमेरिकी ब्लूजची गाणीच वाजवीत असे. मात्र सिडला गिटारकडून नेहमीचे सूर नको होते. आरसे चिकटवलेल्या गिटारच्या तारांवरून तो सिगारेटचा लायटर फिरवी, प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्रातून तो आवाज जाऊ देई आणि अवकाशात काही तरी भिरभिरत असल्याचा भास निर्माण करी. डिसेंबर १९६६ मध्ये लंडनच्या टॉटनम कोर्ट रोडवर ‘यूएफओ’ हा क्लब सुरू झाला. तेथे भिंतींवर रंगीत द्रवांच्या हलत्या आकृत्या पडत आणि त्यांच्या साक्षीने हा बँड एकेक रचना दहा दहा, वीस वीस मिनिटे रंगवी. तीन मिनिटांचे गाणे हा त्या काळच्या लोकप्रिय संगीताचा अलिखित नियम होता. तो मोडण्याचे जे मोजके प्रयोग तेव्हा चालले होते, त्यांत हा एक महत्त्वाचा. प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव अजून रूढ व्हायचे होते. त्याची बीजे मात्र अशा प्रयोगांतूनच रुजत होती.

१९६७ हे सिडचे वर्ष. मार्चमध्ये ‘आर्नल्ड लेन’ आणि जूनमध्ये ‘सी एमिली प्ले’ ही त्याची गाणी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या गाण्याने ब्रिटिश लोकप्रियतेच्या यादीत सहावे स्थान गाठले. ऑगस्टमध्ये ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका आली. ॲबे रोडच्या ज्या वास्तूत ‘बीटल्स’ त्या वर्षी आपली ‘सार्जंट पेपर’ ध्वनिमुद्रित करीत होते, तेथेच तिचेही काम झाले. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या आवडत्या पुस्तकातील एका प्रकरणाचे शीर्षक सिडने ध्वनिमुद्रिकेला दिले. तिच्यात परीकथेतील बुटका आहे, सायकल आहे, गोष्ट सांगणारी आई आहे आणि त्यांच्याच शेजारी ग्रहताऱ्यांचे अफाट एकाकीपण आहे. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही शब्दविरहित रचना तर जवळजवळ दहा मिनिटांची. हे सारे घडले, तेव्हा सिड २१ वर्षांचा होता.

त्या काळचे तरुण हे संगीत सहज स्वीकारत होते, असे मात्र समजण्याचे कारण नाही. लंडनच्या क्लबमध्ये डोक्यावर घेतला जाणारा हा बँड छोट्या शहरांतील नृत्यगृहांत गेला, की चित्र पालटे. तेथील मुलामुलींना नाचण्याजोगी, रेडिओवर ऐकलेली गाणी हवी असत. समोर सुरू असलेला लांबलचक कल्लोळ ऐकून ती संतापत आणि मंचाच्या दिशेने बिअर भिरकावली जाई. म्हणजे श्रोता आणि वादक एकाच वयाचे, एकाच देशाचे, एकाच वर्षातले असूनही दोघांत दरी होतीच. या संगीताची गोडी लागणे न लागणे हे पहिल्यापासूनच जन्मसालावर अवलंबून नव्हते.

यशाच्या शिखरावरच सिडची घसरण सुरू झाली. एलएसडी या अमली पदार्थाचा त्याने बेसुमार वापर केला होता. त्यात अचानक आलेल्या प्रसिद्धीचा आणि सततच्या दौऱ्यांचा ताण. १९६७ च्या उत्तरार्धात तो मंचावर कधी एकच सूर वाजवीत राही, तर कधी गिटार गळ्यात अडकवून नुसता शून्यात पाहत उभा राही. अमेरिकेचा दौरा अर्ध्यावर गुंडाळावा लागला. जानेवारी १९६८ मध्ये बालमित्र गिल्मरला पाचवा वादक म्हणून बोलावण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना सिडला घरून घ्यायचे की नाही, असा प्रश्न गाडीत निघाला आणि न घेण्याचे ठरले. एका कलावंताची आपल्याच बँडमधून झालेली ही पाठवणी इतकी साधी आणि इतकी निष्ठुर होती. एप्रिलमध्ये ती जाहीर झाली.

तरीही मित्रांनी त्याला पुरते वाऱ्यावर सोडले नाही. १९७० मध्ये सिडच्या ‘द मॅडकॅप लाफ्स’ आणि ‘बॅरेट’ या दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाल्या. गिल्मरचा हात दोन्हींमागे होता. पहिलीत वॉटर्सने आणि दुसरीत राइटनेही साह्य केले. सिडच्या गाण्याचा ताल कोठे लांबेल, कोठे तुटेल याचा नेम नसे. साथीदारांना अक्षरशः त्याच्या मागे धावत वाजवावे लागे. या तबकड्या तेव्हा फारशा खपल्या नाहीत. १९७२ मध्ये केंब्रिजमध्ये एका नव्या बँडबरोबर त्याने मोजके कार्यक्रम केले आणि तोही प्रयत्न सोडून दिला.

इकडे त्याच्यावाचून पुढे गेलेल्या ‘पिंक फ्लॉइड’ने १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका आणली. हातातून निसटणारा काळ, पैसा, मृत्यू आणि ढळणारा मनाचा तोल हे तिचे विषय. त्यांतील शेवटच्या विषयामागे सिडची सावली स्पष्ट होती. पोक्त वाटणारे हे चिंतन करणारे चौघेही तेव्हा तिशीच्या आतले होते आणि त्यांचे ध्वनिमुद्रण करणारा ॲलन पार्सन्स तर जेमतेम २४ वर्षांचा. आयुष्य सुरू होण्याची वाट पाहता पाहता ते निघून चालले आहे, ही धास्ती म्हातारपणाची नव्हे. ती पंचविशीचीच असते. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत ही ध्वनिमुद्रिका १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे टिकली. ती प्रसिद्ध झाली तेव्हा पाळण्यात असलेली मुले तोवर पंधरा वर्षांची झाली होती.

त्यानंतरची ‘शाइन ऑन’ ही नऊ भागांची, सुमारे २६ मिनिटांची रचना ‘विश यू वेअर हिअर’ या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी आणि शेवटी विभागलेली आहे. पहिला शब्द कानी पडण्यापूर्वी आठ मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्ये वाजत राहतात. गिल्मरच्या गिटारवरील चार सुरांची हाक पुन्हा पुन्हा येते आणि अगदी अखेरीस राइट हळूच ‘सी एमिली प्ले’ची धून छेडून जातो. ही लांबी विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी नाही. जिवंत असूनही हरवलेल्या मित्राचा शोक दोन-तीन मिनिटांत आटोपत नाही, एवढाच तिचा अर्थ. ज्याने असा मित्र गमावला आहे, त्याला तो कळण्यासाठी १९७५ चे लंडन ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

याच सुमारास तरुणांच्या नव्या लाटेने प्रोग्रेसिव्ह रॉकविरुद्ध बंड पुकारले. जॉनी रॉटन या नावाने पुढे गाजलेला जॉन लायडन ‘पिंक फ्लॉइड’विषयीचा तिरस्कार छातीवर लिहिलेला शर्ट घालून लंडनमध्ये हिंडत असे. लांबलचक रचना म्हणजे श्रीमंत रॉकवाल्यांची चैन, असा या पंक पिढीचा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. गंमत अशी, की १९७७ मध्ये ‘द डॅम्ड’ या पंक बँडला आपल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीसाठी हवा होता तो सिड बॅरेट. तो मिळणे अशक्य होते. अखेर ते काम निक मेसनने केले. खुद्द लायडनने त्याच वर्षी लंडनच्या एका रेडिओ कार्यक्रमात आपल्या आवडीची गाणी ऐकवली, तेव्हा त्यांत प्रोग्रेसिव्ह रॉकमधील पीटर हॅमिल याचीही गाणी होती. बंडखोरांनी डामडौल नाकारला होता. त्यामागचे धाडस त्यांनी जपून ठेवले होते.

सिड मात्र या सगळ्यापासून दूर गेला होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो लंडनहून सुमारे ८० किलोमीटर पायी चालत केंब्रिजला परतला, असे सांगितले जाते. सिड हे नाव त्याने टाकले आणि पुन्हा रॉजर बॅरेट झाला. तो सायकलवरून बाजारात जाई, बाग फुलवी आणि चित्रे काढी. चित्र पुरे झाले की त्याचे छायाचित्र घेऊन अनेकदा मूळ चित्र नष्ट करी. १९९१ मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर धाकटी बहीण रोझमेरी हाच त्याचा आधार राहिला. त्याची जुनी गाणी ऐकून भारावलेले तरुण दारावर येत. त्यांतील अनेकांचा जन्म त्याने बँड सोडल्यानंतरचा. त्यांना हवा असलेला सिड आता त्या घरात राहत नव्हता. २००१ मध्ये निघालेल्या बँडच्या ‘एकोज’ या संकलनात त्याची पाच गाणी घेण्यात आली. त्याच्या वाट्याचे मानधन त्याला नियमित मिळेल, याकडे गिल्मरचे लक्ष असे.

२ जुलै २००५ रोजी लंडनमधील ‘लाइव्ह ८’ कार्यक्रमात ‘पिंक फ्लॉइड’चे चौघेही चोवीस वर्षांनी एकत्र आले. वॉटर्सने तेथे सिडची आठवण काढली. पुढच्याच वर्षी, ७ जुलै २००६ रोजी, केंब्रिजमध्ये कर्करोगाने सिडचे निधन झाले. तो ६० वर्षांचा होता. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, वॉटर्स आपला दौरा घेऊन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आला आणि ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तेथे सलग सादर झाली. निक मेसनने २०१८ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, सिडच्या काळातील गाणी वाजवण्यासाठी नवा बँड उभारला. म्हाताऱ्या हातांनी वाजवलेली ती गाणी आजही एकवीस वर्षांच्या मुलाचीच आहेत.

सिडच्या पश्चात घरातील वस्तूंचा नोव्हेंबर २००६ मध्ये केंब्रिजमध्ये लिलाव झाला. सायकली, स्वतः ठोकून केलेले फर्निचर, पुस्तके आणि नष्ट होण्यातून वाचलेली काही चित्रे. त्यातून सुमारे १ लाख २० हजार पौंड उभे राहिले. ही रक्कम कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साह्यासाठी ठेवण्यात आली. १९६४ मध्ये रंगांची पेटी घेऊन लंडनला निघालेला सिड अशाच विद्यार्थ्यांपैकी एक होता.