कल्याणीचा खवय्या राजा

गायकवाड ओरिएंटल सिरीजचे ग्रंथ बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून कपाटात दिसतात. उघडलेले मात्र क्वचितच दिसतात. आमचे घर त्याला अपवाद नव्हते. वडील दरबारचे गवई. मानसोल्लासाचा तिसरा खंड त्यांनी त्यातील गीत, वाद्य व नृत्य या प्रकरणांसाठी घरात आणून ठेवला होता. दुसऱ्या खंडाशी त्यांचे काही काम नव्हते. तो पुढे मी आणला, आणि त्यातील अन्नभोग नावाचे प्रकरण वाचून दाखवू लागलो तेव्हा आमच्या मातोश्री हातातली निवडायची भाजी बाजूला सारून ऐकत बसल्या. राजाने स्वतः स्वयंपाकाच्या कृती लिहाव्या, याचेच त्यांना मोठे नवल वाटले.

हा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल. त्याच्या कुळात सोमेश्वर इतके झाले की शाळकरी मुलांचा गोंधळ व्हावा. पहिला सोमेश्वर त्याचा आजा. असाध्य आजाराला कंटाळून त्याने 1068 साली तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. दुसरा त्याचा चुलता. त्याला धाकट्या भावाने 1076 मध्ये गादीवरून दूर केले. तो धाकटा भाऊ म्हणजे आपल्या सोमेश्वराचा पिता, सहावा विक्रमादित्य. त्याने पन्नास वर्षे राज्य केले, स्वतःच्या नावाचा शक सुरू केला, आणि त्याच्याच राजधानीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वारसा आणि वाटणीच्या दाव्यांत जिचे नाव आपल्या वाडवडिलांच्या कानी पडत असे, तीच ही मिताक्षरा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले. मराठी मुलुखाच्या अगदी शिवेवर.

या पित्याची प्रेमकथा आधीच काव्यात गाजलेली होती. काश्मीरचा बिल्हण कवी फिरत फिरत कल्याणीस आला, विद्यापती झाला, आणि त्याने अठरा सर्गांचे विक्रमांकदेवचरित रचले. त्यात कऱ्हाडच्या शिलाहार राजाची कन्या चंद्रलेखा हिचे स्वयंवर आहे. वसंत ऋतू, कानोकानी ऐकलेली रूपाची कीर्ती, झुरणारा नायक, आणि मग देशोदेशीच्या राजांना ओलांडून विक्रमाच्या गळ्यात पडलेली माळ. कादंबरीवाचनाचे ज्यांना वेड आहे त्यांना यात उणे असे काही सापडायचे नाही. बिल्हणाने रंग बराच भरला असेल. परंतु राणी काल्पनिक नाही. शिलालेखांत ती चंदलदेवी या नावाने येते. ब्यूलर या जर्मन पंडिताला या काव्याची पोथी जेसलमेरच्या जैन भांडारात सापडली आणि 1875 मध्ये ते छापले गेले. तोवर कृष्णाकाठच्या या प्रणयाची कऱ्हाडकरांनाही वार्ता नसावी.

अशा पित्याच्या पोटी जन्मून 1126 साली सोमेश्वर गादीवर आला. बापाची राजवट पन्नास वर्षांची, तेव्हा मुलगा काही कोवळ्या वयात राजा झालेला नव्हे. त्याला सर्वज्ञ म्हणत. इतिहासकार मात्र त्याच्याविषयी फारसे प्रसन्न नसतात. त्याच्या काळात मोठ्या लढाया थोड्या झाल्या, होयसळांसारखे मांडलिक डोके वर काढू लागले, आणि राजा ग्रंथ लिहीत बसला, असा एकूण सूर असतो. तक्रार अगदीच खोटी नाही. पण ज्यांनी लढाया जिंकल्या त्या सामंतांच्या पानात काय वाढले जाई हे आज कोणालाच ठाऊक नाही, आणि सोमेश्वराच्या पानातले सारे आपल्याला ठाऊक आहे.

मानसोल्लास त्याने शके 1051 च्या सुमारास, म्हणजे 1129 साली लिहिला. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणे, एकूण शंभर. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, हे पहिल्या दोन भागांत आटोपले आहे. पुढचे तीन भाग उपभोग, विनोद आणि क्रीडा यांचे. झोपाळा, चांदणे, हत्ती, कुस्त्या, मासेमारी, कोडी, इतकेच काय, प्रेमक्रीडेलाही स्वतंत्र प्रकरण आहे. बडोद्यास श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादला. पहिला खंड 1925 मध्ये निघाला. दुसरा, ज्यात जेवण आहे, 1939 मध्ये. ज्यांनी ही ग्रंथमाला उभी केली ते सयाजीराव महाराज त्याच वर्षी निवर्तले. तिसऱ्या खंडासाठी गाणाऱ्यांना 1961 पर्यंत थांबावे लागले. जेवण आधी आणि गाणे मागून, हा क्रम आमच्या पेशातल्या माणसांच्या चांगलाच ओळखीचा आहे.

अन्नभोगात राजा पंक्तीला मुले, आप्त व सामंत घेऊन बसतो. उन्हाळ्यात गोड व थंड खावे, हेमंतात स्निग्ध व उष्ण, अशी ऋतूंची व्यवस्था आधी लावलेली आहे. तांदळाचे आठ प्रकार नावानिशी दिले आहेत. मग पदार्थ येऊ लागतात, आणि ओळखीची माणसे अनोळखी पोशाखात भेटावीत तसे होते. मंडक म्हणजे आपले मांडे. वटक म्हणजे वडे. ते दुधातही भिजवलेले आहेत. शिखरिणी ही श्रीखंडाची थोरली बहीण. धोसक आहे, पण तो डाळीचा. इड्डरिका आहे, पण तिच्यात तांदूळ नाही. उडदाच्या बारीक पिठाचे लहान गोळे, आणि वर मिरपूड, जिरे, हिंग. लाल मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. पोर्तुगीज गलबते यायला अजून साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ होता. मांसाच्या कृती तर इतक्या बारकाईने लिहिल्या आहेत की हा लेखक चुलीजवळ उभा राहिला असला पाहिजे, अशी खात्री पटते. त्यांत शेतातले उंदीर व कासवही आहेत. ते श्लोक मी आईला वाचून दाखवले नाहीत.

इड्डरिका आमच्या सौभाग्यवतीने एका रविवारी करून पाहिल्या. डाळ भिजवून वाटावी की कोरड्या पिठाचे गोळे वळावेत यावर घरात वाद झाला. राजाने माप कुठेच दिलेले नाही, अशी तिची तक्रार, आणि ती रास्त होती. आम्ही त्या वाफवल्या. पहिला घाणा दगडासारखा झाला. दुसरा, पीठ रात्रभर ठेवून केलेला, हलका झाला खरा, पण तो सोमेश्वराचा राहिला की नाही कोण जाणे. चव मात्र चांगली होती. मिरीचा तिखटपणा जिभेवर सावकाश चढतो. मिरचीसारखा तो अंगावर धावून येत नाही.

बंदिशीच्या चिजा ज्यांनी जुन्या वह्यांतून उचलल्या आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. शब्द कागदावर असतात, तालही लिहिलेला असतो, आणि तरी गाताना जागोजागी विचारावे लागते, येथे काय करायचे? उत्तर देणारे माणूस गेलेले असते.

कथेचीही सोमेश्वराला तितकीच गोडी. त्याच्या वीस विनोदांत गीत, वाद्य व नृत्य यांच्या पाठोपाठ कथाविनोद येतो. एवढ्यावर तो थांबला नाही. बापाचे चरित्र बिल्हणाने पद्यात केले, तर मुलाने ते अलंकृत गद्यात आरंभले. त्याचे नाव विक्रमांकाभ्युदय. आज मिळते ते अपुरे आहे. तेही आपल्याच ग्रंथमालेत 1966 मध्ये छापले गेले. आई-बापांच्या तरुणपणाची गोष्ट मुलाने रंगवून लिहावी, यात मला एक वेगळाच जिव्हाळा वाटतो. असल्या कथांचा तो काळच होता. सोमेश्वराच्या आधी सुमारे शतकभर लाट देशाच्या सोड्ढलाने कोकणच्या शिलाहारांच्या आश्रयाने उदयसुंदरीकथा लिहिली. तिचा नायक पैठणचा राजा आणि नायिका नागकन्या. बडोद्याने ती 1920 मध्येच छापली आहे. ज्यांना संस्कृत येते त्यांनी सुटीत वाचण्याजोगी आहे.

गीतविनोदात या राजाने आपल्यावर एक न फिटणारे ऋण करून ठेवले आहे. महाराष्ट्रातल्या बाया धान्य कांडताना ओवी गातात, असे तो नोंदवतो. दरबारी संगीताचे शास्त्र सांगणाऱ्या ग्रंथात उखळाजवळच्या बाईला जागा मिळाली. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची ही नोंद आहे. माझ्या मते स्वयंपाकघराकडे ज्याचे लक्ष होते त्यालाच ही ओवी ऐकू आली. दिवाणखान्यात बसलेल्याला कांडणाचा आवाज कोठून येणार?

1138 च्या सुमारास सोमेश्वर वारला. त्याचा मुलगा जगदेकमल्ल हाही गानवेत्ता निघाला. त्याच्या नावाचा संगीतचूडामणी बडोद्याने 1958 मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा मुलगा तैलप राज्यावर असताना बिज्जल कलचुरीने कल्याणी बळकावली, आणि ज्या मुदपाकखान्यातून हे पदार्थ निघाले तो परक्याच्या हाती गेला.

मांडे आम्ही अजून साधू शकलो नाही. सोमेश्वर सांगतो की गहू धुवावे, वाळवावे, दळून चाळावे, पिठात तूप-मीठ घालून मळावे, गोळा हातावर पसरीत न्यावा आणि तापल्या खापरावर टाकून काळा डाग पडण्याआधी उचलावा. आमच्या आईच्या कृतीत याहून वेगळे फारसे नव्हते. तिचा मांडा कोपरापर्यंत उतरे आणि फाटत नसे. तिने तो कधी लिहून ठेवला नाही, आणि मीही कधी जवळ बसून पाहिला नाही; त्या वेळी माझा रियाज चाललेला असे. सौभाग्यवतीचा मांडा मनगटाशीच तुटतो. गेल्या खेपेस लोखंडी तवा पालथा घातला होता. आता कुंभाराकडे मातीचे खापर सांगून ठेवले आहे.