विश्लेषण : घास पोटात जाण्याआधीच पाचकरस का सुटतो? पाव्हलॉव्ह यांनी ते कसे शोधले?

चिंचेचे नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. पण तोंडासारखेच जठरही जेवणाआधी कामाला लागते, हे प्रयोगाने दाखवले ते इव्हान पाव्हलॉव्ह यांनी. घंटा आणि कुत्रा यांमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनाच्या संशोधनासाठी.

धर्मगुरूचा मुलगा प्रयोगशाळेत कसा?

पाव्हलॉव्ह यांचा जन्म १८४९ मध्ये रशियातील रियाझानचा. वडील धर्मगुरू. लहानपणी उंचावरून पडल्याने त्यांची शाळा उशिरा सुरू झाली. पुढे धर्मशिक्षण अर्धवट सोडून १८७० मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात विज्ञान शिकायला गेले. १८८१ मध्ये लग्न झाले, पण बरीच वर्षे संसार ओढगस्तीचाच होता. वयाच्या चाळिशीनंतर, १८९१ मध्ये त्यांना प्रायोगिक वैद्यक संस्थेत स्वतःचा विभाग मिळाला.

गाजलेला प्रयोग कोणता?

त्यांनी शस्त्रक्रिया करून कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर उघडली. खाल्लेले मांस तिथूनच बाहेर पडे, जठरात कणही जात नसे. तरीही काही मिनिटांत जठररस वाहू लागे. मेंदूकडून जठराकडे जाणाऱ्या व्हेगस नसा कापल्यावर मात्र हा रस थांबला. म्हणजे हा आदेश नसांमार्फत येत होता.

लाळेचे काम काय?

लाळ घास ओला व गुळगुळीत करते. माणसात ती पिष्टमय पदार्थांचे पचनही सुरू करते. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन प्रथिने फोडतात. कुत्र्याच्या तोंडात गोटे टाकले तर लाळ जेमतेम सुटते, वाळू टाकली तर तोंड धुऊन निघेल इतकी सुटते, हे पाव्हलॉव्ह यांनी नोंदवले. कोरड्या अन्नालाही लाळ जास्त लागते.

त्यांचे कुठे चुकले?

स्वादुपिंडाचा रसही नसांच्याच हुकमाने सुटतो, असे ते मानत. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी वेगळेच दाखवले. जठरातील आम्ल लहान आतड्यात पोहोचले की सिक्रेटिन हे रसायन रक्तात मिसळते आणि स्वादुपिंडाला जागे करते. पाव्हलॉव्ह यांनी तो प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करवून घेतला आणि निष्कर्ष मान्य केला.

मग कुत्र्याची गोष्ट?

अन्न समोर येण्याआधीच कुत्र्यांना लाळ सुटते, हे पचनाच्या प्रयोगांतच लक्षात आले होते. पुढची तीन दशके त्यांनी त्याच कोड्याला दिली. मेट्रोनोमची टिकटिक आणि अन्न यांची सांगड वारंवार घातली, की नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटे.

या ज्ञानाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली. १९३५ मध्ये त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २७ फेब्रुवारी १९३६ रोजी लेनिनग्राडमध्ये ८६ व्या वर्षी पाव्हलॉव्ह यांचे निधन झाले.