तारमास्तरांचे मास्तर

अमडापुरात गिरणी सुरू झाली, की शेजारच्या घरातला दिवा कधी कधी मंदावतो. डीपी, खांब, कोसभर तारा. पण हे सारे जंजाळ घरातल्या दोन टोकांवरून पाहिले, तर एक विद्युतदाब आणि त्यामागे एक रोध, एवढेच उरते. भार वाढला, की त्या रोधात जादा दाब खर्ची पडतो.

हे १८८३ साली मांडले लेऑन थेवेनिन यांनी. पॅरिसजवळच्या मो गावी १८५७ साली जन्मलेला हा माणूस तारखात्यात अभियंता. नव्या भरतीला शिकवता शिकवता त्यांना ही युक्ती सुचली. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच ती सांगितली होती, पण नाव राहिले ते या मास्तरांचे! न्याय की अन्याय, कोण ठरवणार?

लग्न त्यांनी केले नाही. आईच्या नात्यातली एक विधवा बहीण आणि तिची दोन मुले घरी आणली, पुढे मुले दत्तक घेतली. व्हायोलिन वाजवावे, मासे धरावेत.

१९२६ च्या सप्टेंबरात ते गेले. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्टन आणि जर्मनीत मायर यांनी तीच युक्ती विद्युतप्रवाहाच्या अंगाने मांडली. अंत्ययात्रेला फक्त घरचीच माणसे असावीत आणि शवपेटीवर आपल्या बागेतला एकच गुलाब ठेवावा, असे त्यांनी सांगून ठेवले होते. मो गावी त्यांना पुरले, ते तसेच.