प्लेगची लस काढणारे हाफकिन साहेब

भंडारा जिल्ह्यांतील एकोडीसारख्या धानाच्या गांवीं आज आई आपल्या तान्ह्या लेकरास मांडीवर धरून लस टोचवून घेते, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं मुंबईसारख्या शहरांतही हीच सुई पाहून लोक दारें लावून घेत. ती भीति घालविण्यांत ज्यांचा वांटा मोठा, ते वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन होत. परळ येथें त्यांच्या नांवाची संस्था आहे. परंतु त्या नांवामागील मनुष्याची हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल, म्हणून ती येथें देतों.

ह्यांचा जन्म ता. १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. तें शहर त्या वेळीं रशियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होतें. तेथील विद्यापीठांत मेच्निकोफ नामक विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं सूक्ष्म जीवांचा अभ्यास केला. त्या काळीं यहूदी लोकांच्या वस्तीवर जमाव चालून येत. अशा एका दंग्यांत आपल्या लोकांचें रक्षण करीत असतां हाफकिन जखमी झाले व कैदेंतही पडले. गुरूनें मध्यें पडून त्यांस सोडविलें. पुढें विद्वत्तेच्या जोरावर चांगली जागा मिळण्यासारखी होती, पण अट अशी कीं, बापजाद्यांचा धर्म टाकून सरकारी मंडळींत सामील व्हावें. त्यांनीं नकार दिला. नोकरीसाठीं घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, हें आमचे उपदेशक बंधु जाणतातच.

१८८८ सालीं ते जिनीव्हास व पुढल्या वर्षीं पॅरिसास पाश्चर यांच्या संस्थेंत गेले. तेथें जागा रिकामी होती ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. तीच त्यांनीं पत्करली. पुस्तकें सांभाळून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेंत घालवीत, आणि पटकीवर लस काढण्याचा त्यांस ध्यास लागला. ता. १८ जुलै १८९२ रोजीं ती लस त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलें, व थोड्याच दिवसांत ते बरे झाले. मग मित्रांस टोचली.

परंतु युरोपांतील धडधाकट मित्रांवरून लशीची परीक्षा होत नाहीं. जेथें पटकी दरसाल माणसें नेते तेथेंच ती व्हावयाची; म्हणून १८९३ सालीं ते कलकत्त्यास आले. सुमारें अडीच वर्षें हिंडून त्यांनीं ४२,००० हून अधिक लोकांस लस टोचली. त्यांची रीत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्यांनीं टोचून घेतलें त्यांचीच नव्हे, तर ज्यांनीं घेतलें नाहीं त्यांचीही ते बारकाईनें मोजदाद ठेवीत. कलकत्त्याच्या एका गरीब बस्तींत दोनशेंच्या सुमारास माणसें होतीं. त्यांपैकीं ११६ जणांनीं टोचून घेतलें. नंतर जे आजारी पडले ते सर्व न टोचलेल्यांपैकीं निघाले. हिंवतापानें शरीर खंगल्यामुळें १८९५ सालीं त्यांस परत जावें लागलें, तरी वर्षभरांत ते पुन्हां हजर झाले.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत हाफकिन तेथें पोंचले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढेंच मिळालें. त्यांनीं मांसाच्या रसांत प्लेगचे जंतु वाढविले. हिंदु व मुसलमान कोणाचेंही मन दुखूं नये म्हणून तो रस त्यांनीं बकऱ्याच्या मांसाचा केला, आणि जंतु धरून वाढावेत म्हणून त्यावर तुपाचे थेंब सोडले. पुढें ते जंतु उष्णतेनें मारून लस तयार झाली. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं तिची भली मोठी मात्रा त्यांनीं आपल्याच अंगांत घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारें निम्म्या कैद्यांनीं आपखुषीनें टोचून घेतलें. ज्यांस त्याच दिवशीं रोग दिसला ते वगळतां, टोचलेल्यांत दोघेच आजारी पडले व दोघेही वांचले. न टोचलेल्यांत १२ जणांस प्लेग होऊन ६ मेले. ते दिवस असे होते कीं, घरोघर झडती घेणाऱ्या प्लेगच्या अधिकाऱ्यांचा लोकांस संताप आला होता, आणि त्याच वर्षीं पुण्यास रँड साहेबांचा खून झाला. जबरदस्तीनें जें साधलें नाहीं तें विश्वासानें साधूं लागलें. आगाखान यांनीं स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हां त्यांच्या खोजा मंडळींतील हजारों लोक पुढें आले. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसांत प्रयोगशाळा थाटण्यांत आली.

आतां दुःखाचा भाग. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेले १९ जण धनुर्वातानें मेले. एकोणीस घरांत रडारड झाली, आणि दोष परळवर आला. लस लवकर पुरवितां यावी म्हणून तेथें जुन्या कृतींत फेर केला होता, तोच अपराध ठरविण्यांत आला. हाफकिन यांस प्रमुखपदावरून दूर करण्यांत आलें व १९०४ सालीं ते विलायतेस गेले. वास्तविक, बाटली उघडणाराच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतां तसाच वापरला होता, हें चौकशींत नमूद होतें. आणि धनुर्वाताचे जंतु मातींत असतात हें वैद्यांस ठाऊक होतें. तरी कागद वर्षानुवर्षें पडून राहिले. शेवटीं हिंवतापाचा प्रसार डांसांमार्फत होतो हें सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनीं वर्तमानपत्रांतून हा अन्याय उघड केला. दहा नामांकित शास्त्रज्ञांनीं सह्या करून पत्र छापलें. आणि १९०७ च्या नोव्हेंबरांत हाफकिन निर्दोष ठरले. पांच वर्षें गेलीं तीं गेलींच.

ते कलकत्त्यास परत आले, पण परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती, आणि लस टोचण्याच्या कामांतही त्यांस मोकळीक उरली नव्हती. ते केवळ संशोधन करीत राहिले, आणि वयाच्या ५५ व्या वर्षाच्या सुमारास सेवा संपवून युरोपांत गेले. त्यांच्या लशीनें मिळणारें रक्षण पुरतें नव्हतें व फार दिवस टिकतही नसे; आज प्लेगवर जंतुनाशक औषधें आहेत. परंतु तीं नव्हतीं त्या काळीं, १८९७ पासून १९२५ पर्यंत, मुंबईहून तिच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या.

१९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. त्यांनीं लग्न केलें नव्हतें. उतारवयांत ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचे नियम कसोशीनें पाळीत, आणि पूर्व युरोपांतील गरीब यहूदी मुलांच्या धर्मशाळांकरितां त्यांनीं आपला पैसा निधि करून ठेविला. ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.