पगारी नोकरी धरली म्हणून बोर्डानं विनू मंकडला सोडलं, आणि एका कसोटीतच परत बोलवायची वेळ आली

मोहने, आंबिवली, टिटवाळा. या पट्ट्यात हल्ली कुठल्याही मैदानावर जा, टेनिस बॉलची प्रीमियर लीग सुरू असते. आधी लिलाव होतो, संघमालक पॉइंट मोजतात आणि एखाद्या गड्यावर अर्धी थैली रिकामी करतात. आता हाच गडी पहिल्या दोन मॅचला भोपळा फोडू शकला नाही, की रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय. याला ठेवायचा की बसवायचा?

मोठ्या मैदानावरही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनं हार्दिक पंड्याला गुजरातकडून ट्रेड करून आणलं आणि नंतर रोहितच्या जागी कॅप्टन केलं. २०२४ च्या सीझनला वानखेडेवर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, टीम तळाला गेली. सोशल मीडियानं तर त्याला विकूनच टाकलेलं. पण मालकांनी सोडलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच कॅप्टनसोबत टीम प्लेऑफमध्ये होती.

पैसे घेणारा मोठा खेळाडू टीमला नेमका किती लागतो, हा प्रश्न भारतीय क्रिकेटला पहिल्यांदा छळला तो आयपीएलच्या छप्पन्न वर्षं आधी. त्या खेळाडूचं नाव होतं विनू मंकड.

आज हे नाव आपल्याला आठवतं ते मंकडिंगमुळं. बॉल टाकायच्या आधी क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला रनआउट करणं म्हणजे मंकडिंग. पण माणूस त्याच्यापेक्षा फार मोठा होता.

जामनगरचा मुलवंतराय

१२ एप्रिल १९१७ ला जामनगरमध्ये त्यांचा जन्म झाला. खरं नाव मुलवंतराय हिम्मतलाल मंकड. जामनगर म्हणजे नवानगर संस्थान, रणजितसिंहजींचं गाव. तिथं क्रिकेट हवेतच होतं.

ससेक्सचे इंग्लिश खेळाडू बर्ट वेन्सली तिथं कोच म्हणून आले. विनू तेव्हा मध्यमगती बॉलिंग करायचा. वेन्सलीनं त्याला वेग कमी करून डावखुरा स्पिन टाकायला लावला. या एका बदलातून भारताला पुढची वीस वर्षं पुरेल असा बॉलर मिळाला.

१९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसनची इंग्लिश टीम भारतात आली. त्या अनधिकृत कसोटींमध्ये विशीतल्या मंकड यांनी बॅटिंग आणि बॉलिंग दोन्ही गाजवलं. पण मग दुसरं महायुद्ध आलं आणि ऐन उमेदीची वर्षं गेली. पहिली अधिकृत कसोटी खेळायला मिळाली ती जून १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा वय होतं २९.

उशिरा आले, पण आल्या आल्या त्या दौऱ्यात ११२० रन आणि १२९ विकेट घेतल्या. इंग्लंड दौऱ्यावर हजार रन आणि शंभर विकेटची जोडी जमवणारे ते एकमेव भारतीय.

फॉर्म गेला, तरी टीमनं बसवलं नाही

१९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा. स्वतंत्र भारताची पहिलीच टीम, कॅप्टन लाला अमरनाथ. समोर ब्रॅडमन आणि रे लिंडवॉल.

पहिल्या दोन कसोटींत मंकड यांच्या बॅटमधून दोन आकडी धावसंख्याही निघाली नाही. लिंडवॉलचा वेगवान बॉल येईपर्यंत बॅट खालीच यायची नाही. सिडनीच्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआउट केलं. सराव सामन्यात आधीच ताकीद देऊन झाली होती, तरी ऑस्ट्रेलियन पेपरांनी झोड उठवली. ब्रॅडमननी मात्र मंकड यांची बाजू घेतली. म्हणजे बॅट चालेना आणि वरून टीका.

आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रोल होणारा, आउट ऑफ फॉर्म ओपनर. पण टीमनं त्यांना बसवलं नाही.

असं सांगितलं जातं की मंकड थेट लिंडवॉलकडेच गेले आणि आपलं काय चुकतंय ते विचारलं. लिंडवॉलनंही मन मोठं करून सांगितलं, की बॅट फार उंच उचलतोस, त्यामुळं खाली यायला उशीर होतो. पुढच्या मेलबर्न कसोटीत मंकड यांनी ११६ ठोकले. त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत १११.

पोटापाण्याचा प्रश्न

आता मेन मुद्दा. त्या काळी क्रिकेटर जगायचा कशावर?

कसोटी खेळून घर चालत नव्हतं. काही जणांना संस्थानिकांचा आश्रय होता, काही जणांना रेल्वे, पोर्ट ट्रस्ट किंवा गिरणीत नोकरी. मंकड यांना क्रिकेट सोडून दुसरा धंदा नव्हता. त्यामुळं जिथं काम मिळेल तिथं ते गेले. वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशा सात टीमकडून ते रणजी खेळले. ट्रेड हा शब्दही नव्हता तेव्हा हा माणूस देशभर टीम बदलत फिरत होता.

खरा पैसा होता इंग्लंडमधल्या लँकशायर लीगमध्ये. गिरणगावातले छोटे छोटे क्लब. प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवता यायचा. वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन, एव्हर्टन वीक्स अशी मंडळी तिथं खेळून गेली. फिफ्टी मारली किंवा पाच विकेट काढल्या, की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि जमलेली चिल्लर खेळाडूला मिळायची.

१९५२ च्या सीझनसाठी हॅसलिंग्डन क्लबनं मंकड यांना करार देऊ केला. पण त्याच उन्हाळ्यात भारताची टीम इंग्लंड दौऱ्यावर जाणार होती.

मंकड यांनी बोर्डाला एकच गोष्ट विचारली. दौऱ्याच्या टीममध्ये मी नक्की असेन, एवढी हमी द्या, मी क्लबला नाही सांगतो.

बोर्डानं हमी दिली नाही.

बोर्डाचं म्हणणं चुकीचं होतं का?

इथं बोर्डाला लगेच व्हिलन करणं सोपं आहे. पण त्यांची बाजूही ऐकायला हवी.

टीम निवडायची तर सगळ्यांना एकच नियम पाहिजे. काही महिने आधीच एकाला जागा दिली, तर बाकीच्यांनी कशासाठी घाम गाळायचा? उद्या फॉर्म गेला, दुखापत झाली तर? आज एकाला हमी दिली, तर उद्या दहा जण रांगेत उभे राहतील. निवड समितीचे अध्यक्ष होते सी. के. नायुडू, भारताचे पहिले कसोटी कॅप्टन. नावापुढं झुकणाऱ्यांपैकी ते नव्हते.

पण मंकड यांची बाजूही तेवढीच खरी होती. नोकरी असलेल्या खेळाडूला टीममधून वगळलं तर तो सोमवारी ऑफिसला जातो. मंकड यांनी क्लबला नाही सांगितलं असतं आणि नंतर बोर्डानंही वगळलं असतं, तर अख्खा उन्हाळा घरात बसायची वेळ आली असती. रिस्क सगळी खेळाडूनं घ्यायची आणि बोर्डानं शब्दही द्यायचा नाही, असा तो सौदा होता.

आणि फॉर्मबद्दल शंका घ्यावी अशीही परिस्थिती नव्हती. १९५१-५२ च्या त्याच हंगामात इंग्लंडविरुद्ध घरच्या पाच कसोटींत मंकड यांनी ३४ विकेट काढल्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला तर पहिल्या डावात ५५ रनमध्ये ८ आणि दुसऱ्या डावात ५३ रनमध्ये ४. विजय हजारेंच्या टीमनं ती कसोटी एक डाव आणि ८ रननं जिंकली. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय.

ज्यानं पहिला विजय मिळवून दिला, तोच माणूस पुढच्या दौऱ्याच्या टीममध्ये नव्हता. तो हॅसलिंग्डनला निघून गेला.

शून्यावर चार

५ जून १९५२, लीड्सची पहिली कसोटी. पहिल्या डावात हजारे आणि २० वर्षांचा विजय मांजरेकर यांनी २२२ रनची पार्टनरशिप केली. सगळं बरं चाललेलं.

दुसऱ्या डावात मात्र फ्रेड ट्रूमन नावाचा नवा फास्ट बॉलर आला. ही त्याची पहिलीच कसोटी. त्यानं आणि ॲलेक बेडसरनं अवघ्या १४ बॉलमध्ये भारताचे चार गडी उडवले. स्कोअरबोर्डवर रन होते शून्य. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर, चौघंही शून्यावर.

भारत हरला. आणि मंकड कुठं होते? शेजारच्याच लँकशायरमध्ये, क्लबच्या मॅच खेळत.

आता बोर्डाला घाई झाली. ज्याला हमी नाकारली, त्याच्यासाठी हॅसलिंग्डन क्लबला विनंती करावी लागली. क्लबनं बाकीच्या तीन कसोटींसाठी आपला पगारी खेळाडू सोडला.

लॉर्ड्सचे ते पाच दिवस

१९ जूनला लॉर्ड्सवर दुसरी कसोटी सुरू झाली. क्लब क्रिकेटमधून आलेले मंकड थेट ओपनिंगला गेले आणि ७२ रन काढले. रॉयसोबत १०६ ची सलामी. बाकीची टीम मात्र गडगडली, सगळे मिळून २३५.

मग इंग्लंडची बॅटिंग. मंकड यांनी त्या एका डावात ७३ ओव्हर टाकल्या. १९६ रन देऊन ५ विकेट. इंग्लंड ५३७. एवढं झाल्यावर कोणीही आडवा झाला असता. हा माणूस पॅड बांधून परत ओपनिंगला उतरला आणि १८४ रन काढले. भारताकडून कसोटीत तोवरची ही सगळ्यात मोठी खेळी. हजारेंसोबत २११ ची पार्टनरशिप झाली.

इंग्लंडला जिंकायला फक्त ७७ हवे होते. त्यातही मंकड यांनी आणखी २४ ओव्हर टाकल्या. एका कसोटीत २५६ रन, ९७ ओव्हर आणि ५ विकेट. भारत ८ विकेटनं हरला, पण ती मॅच आजही मंकडची कसोटी म्हणूनच ओळखली जाते.

पण गोष्ट इथंच थांबवली तर ती अर्धी राहील. पुढच्या मँचेस्टर कसोटीत भारत एकाच दिवसात दोनदा ऑलआउट झाला, ५८ आणि ८२. त्या टीममध्ये मंकड होते. तिथं त्यांनाही काही जमलं नाही. एक मोठा खेळाडू आणला म्हणून टीम आपोआप जिंकत नाही, हेही त्याच उन्हाळ्यात दिसलं.

परत आल्यावर

बोर्डानं यावेळी मात्र त्यांना सोडलं नाही. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तान पहिल्यांदाच कसोटी खेळायला आलं. दिल्लीत मंकड यांनी १३ विकेट घेऊन मॅच संपवली. त्याच मालिकेत, आपल्या २३ व्या कसोटीत, त्यांनी हजार रन आणि शंभर विकेट पूर्ण केल्या. हा वेगाचा विक्रम १९७९ मध्ये इयान बोथमनं मोडला.

१९५४-५५ मध्ये ते पाकिस्तान दौऱ्यावर कॅप्टन होते. पाचही कसोटी ड्रॉ. त्यांच्यावर सावध खेळल्याची टीका झाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी, न्यूझीलंडविरुद्ध एकाच मालिकेत दोन द्विशतकं. मद्रासला २३१, पंकज रॉयसोबत ४१३ ची सलामी. त्यांचा २३१ चा भारतीय विक्रम १९८३ पर्यंत टिकला आणि सलामीचा जागतिक विक्रम २००८ पर्यंत.

शेवट मात्र दमवणारा

१९५८-५९ ला वेस्ट इंडिज आली. बोर्डाचा घोळ एवढा, की पाच कसोटींत चार कॅप्टन झाले. मद्रासला आयत्या वेळी पॉली उम्रीगर यांनी कॅप्टनशिप सोडली आणि ती ४१ वर्षांच्या मंकड यांच्या गळ्यात पडली. पुढच्या दिल्ली कसोटीत कॅप्टन दुसराच. तिथं मंकड ५५ ओव्हर टाकत राहिले, विकेट एकही मिळाली नाही. ती त्यांची शेवटची कसोटी.

म्हणजे बघा, १९५२ मध्ये हा माणूस जोरात होता तेव्हा बोर्डानं त्याला जाऊ दिलं, आणि १९५९ मध्ये थकला होता तेव्हा कॅप्टन करून मैदानात उतरवलं. दोन्ही वेळी त्याच्यात आत्ता किती क्रिकेट आहे हे कोणी नीट मोजलं नाही. १९५२ मध्ये बोर्डाचा मान आडवा आला, १९५९ मध्ये बोर्डाची अडचण.

४४ कसोटी, २१०९ रन, १६२ विकेट आणि एक ते अकरा अशा प्रत्येक नंबरवर बॅटिंग. १९७३ मध्ये पद्मभूषण मिळालं. २१ ऑगस्ट १९७८ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. मुलगा अशोक मंकडही भारताकडून खेळला. आज बोर्डाची १९ वर्षांखालची वनडे स्पर्धा विनू मंकड ट्रॉफी म्हणून खेळली जाते. २०२१ मध्ये आयसीसीनं त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि २०२२ मध्ये मंकडिंगही नियमांच्या पुस्तकात साध्या रनआउटच्या कलमात गेलं.

आज बोर्ड खेळाडूंशी वर्षाचा करार करतं. टीममध्ये घेतलं नाही तरी ठरलेले पैसे मिळतात. मंकड यांनी १९५२ मध्ये मागितली होती ती साधारण हीच गोष्ट.

त्यामुळं पुढच्या वेळी लीगमध्ये महागडा गडी दोनदा शून्यावर गेला आणि ग्रुपवर त्याला बसवायची भाषा सुरू झाली, तर त्याला किती पॉइंटला घेतला हे बाजूला ठेवा. तो नेटमध्ये कसा खेळतोय ते बघा. आणि त्याच्या जागी उतरवायला आपल्याकडं कोण आहे, हेही.