नऊ वीरांचा अपुरा शेवट

जपानी चित्रकथांच्या इतिहासात शोतारो इशिनोमोरी यांच्याइतके विपुल काम क्वचितच कोणी केले असेल. सव्वा लाखाहून अधिक पाने त्यांच्या नावावर आहेत आणि त्याची नोंद गिनीज बुकानेही घेतली. तरीही या माणसाला आपल्या सर्वांत लाडक्या कथेचा शेवट मात्र लिहिता आला नाही.

इशिनोमोरी यांचा जन्म २५ जानेवारी १९३८ रोजी उत्तर जपानमधील मियागी प्रांतात झाला. मूळ आडनाव ओनोदेरा; गावाच्या नावावरून त्यांनी टोपणनाव घेतले. शाळेत असतानाच १९५४ मध्ये त्यांची पहिली चित्रकथा छापून आली. पुढे टोकियोतील तोकिवा-सो या साध्या इमारतीत ते राहू लागले. ओसामू तेझुका यांच्यासह अनेक नामवंत चित्रकथाकार तेथे राहून गेले होते. त्यांच्या या वेडाला घरातून खरा आधार होता तो थोरल्या बहिणीचा. दम्याने आजारी असलेली ही बहीण १९५८ मध्ये वारली. तो घाव खोल होता. १९६१ मध्ये ते जगप्रवासाला निघाले. त्याच सुमारास, मानवी शरीरात यंत्रे बसविण्याच्या कल्पनेवरील एक लेख त्यांच्या वाचनात आला.

त्यातून १९६४ मध्ये 'सायबॉर्ग ००९' अवतरली. शस्त्रास्त्रांचे व्यापारी नऊ जणांना पळवून त्यांचे यंत्रमानव बनवितात आणि हे नऊ जण त्यांच्यावरच उलटतात, हे तिचे सूत्र. त्यांत रशियन अर्भक होते, अमेरिकन तरुण होता, फ्रेंच नर्तिका, चिनी स्वयंपाकी, आफ्रिकन वीरही होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन आणि अमेरिकन एका तुकडीत बसविणे हे धाडसच म्हणायचे.

शेवट त्यांनी एकदा केला होता. १९६६-६७ मधील पाताळ साम्राज्याच्या पर्वात दोन वीर अंतराळातून जळत खाली येतात. पृथ्वीवर एक बहीण-भाऊ तो तुटता तारा पाहतात; भाऊ खेळण्यातली बंदूक मागतो, बहीण जगासाठी शांतता. या बहिणीत दिवंगत बहिणीची छाया दिसावी, हे स्वाभाविक आहे. वाचकांना मात्र वीरांचे मरण मान्य झाले नाही आणि कथा पुन्हा सुरू करावी लागली. मग १९६९ मध्ये त्यांनी मानवजात पुसून टाकायला आलेल्या देवदूतांशी संघर्ष आरंभला. तो अर्धवट राहिला. पाठोपाठ देवांशी युद्धाचे पर्व घेतले, तेही १९७० मध्ये थांबले. शस्त्रविक्रेत्यांना हरविणे सोपे. निर्मात्याला कसे हरवायचे?

दरम्यान १९७१ मध्ये 'कामेन रायडर' आणि १९७५ मध्ये 'गोरेंजर' दूरचित्रवाणीवर आले. 'गोरेंजर'पासून सुरू झालेल्या परंपरेतूनच पुढे अमेरिकेत 'पॉवर रेंजर्स' तयार झाले. ते आपल्याकडच्या मुलांनीही चवीने पाहिले, त्यांच्या जनकाचे नाव मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

दुर्धर आजारातही ते अखेरच्या पर्वाची टिपणे काढीत राहिले. साठावा वाढदिवस झाल्यावर तीनच दिवसांनी, २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या टिपणांच्या आधारे पुत्र जो ओनोदेरा यांनी 'गॉड्स वॉर' कादंबरीरूपात पूर्ण केले. त्याची चित्रे वडिलांच्या चित्रशाळेतील कलावंतांनी काढली.