धम्माच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी



थंडीचे दिवस आले की आपल्या सातारा-सांगली भागातून बुद्धगया, सारनाथ, कुशिनाराला गाड्या सुटतात. भिशीचे पैसे घालून, प्रसंगी कर्ज काढून माणसं जातात. पण जिथं जायचं त्या ठिकाणाविषयी चार पानं वाचून गाडीत बसणारे किती? तिथला गाईड सांगेल ते ऐकायचं, फोटो काढायचा आणि परत यायचं. म्हणून या स्मरणिकेत मी अशा माणसाचं चरित्र लिहीत आहे, ज्याला घराबाहेर काढलं तेच मुळी पुस्तकानं.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. शाळा थोडीच झाली. वडिलांची नारळाची बाग सांभाळायची, तब्येतही नाजूक. पण मिळेल ते मराठी पुस्तक वाचायचे. १८९७ च्या सुमारास ‘बाळबोधमेवा’ या मासिकात त्यांना बुद्धाचं लहानसं चरित्र वाचायला मिळालं. हे मासिक अमेरिकन मिशनचे, लहान मुलांसाठी चालवलेले. मिशनऱ्यांच्या मासिकातून गोव्यातल्या ब्राह्मण तरुणाला बुद्ध भेटला, ही गंमतच म्हणायची! पुढे एक मोठे बुद्धचरित्रही हाती आले. ते त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले, आणि बुद्धाचा धर्म जिथं जिवंत असेल तिथं जाऊन शिकायचा असं मनाशी ठरवलं.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. थोर माणसाच्या चरित्रात ही गोष्ट एका ओळीत उरकतात, पण सहा-सात वर्षे त्या माउलीनं कशी काढली असतील हेही वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

त्याच सुमाराची आपल्या मुलखातली गोष्ट सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाचं नाव दाखल झालं. त्यांच्या हाती केळुसकर गुरुजींचं बुद्धचरित्र पडायला अजून सात वर्षे होती. इकडे कोसंबी तेव्हा संस्कृतच्या मागे लागले होते. पुण्यात डॉ. रामकृष्ण भांडारकरांची भेट घेऊन, उज्जैन, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोचले. अन्नछत्रात जेवायचे आणि शिकायचे.

बुद्धाचा जन्म ज्या बाजूला झाला त्या नेपाळात धर्म नक्की टिकून असेल, अशी वाचनावरून त्यांची समजूत. १९०२ साली डोंगर तुडवीत ते काठमांडूला गेले. तिथं स्तूप होते, पूजा होती, पण त्यांना हवी होती ती बुद्धाची शिकवण शिकवणारा कोणी भेटेना. मन पार खचलं. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. कोसंबी बुद्धगयेला आले. खरा अभ्यास करायचा तर पालि शिक आणि त्यासाठी सिंहलद्वीपाला जा, असा सल्ला त्यांना तिथल्या एका भिक्खूकडून मिळाला. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत घेऊन ते त्याच वर्षी कोलंबोला पोचले. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर झाले आणि मूळ ग्रंथ वाचू लागले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

माझ्या मते इथंच त्यांचं मोठेपण आहे. पुस्तक वाचून गेले, पण पुस्तकाला बांधून राहिले नाहीत. नेपाळनं निराश केलं म्हणून बुद्धाला दोष दिला नाही, स्वतःचं वाचन कुठं अपुरं आहे ते शोधलं. पुढे ‘भगवान बुद्ध’ ग्रंथात त्यांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही लाडकी कथासुद्धा मूळ सुत्ते तपासून नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे त्यांनी बोट दाखवलं. शस्त्र उगारणाऱ्या माणसांचा वीट येऊन सिद्धार्थ निघाला, असा त्यांचा निष्कर्ष. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माणसाला पाण्याचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण रोहिणीचं पाणीच आहे.

परत आल्यावर कलकत्त्यात ते पालि शिकवू लागले. पण ही विद्या मराठी माणसाला मिळावी ही तळमळ. सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये दिले आणि मराठीत पुस्तके लिहायची अट घातली. त्यांनी ती आनंदानं मान्य केली. नंतर फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवलं, हार्वर्ड विद्यापीठाच्या बोलावण्यावरून चार वेळा अमेरिकेला गेले, १९२९ साली रशियात लेनिनग्राडला शिकवलं. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले.

आम्हा गिरणीवाल्यांना मात्र जवळचे वाटतात ते परळचे कोसंबी. बिर्लांच्या देणगीतून १९३७ साली तिथं बहुजनविहार उभा राहिला. हार्वर्डमध्ये विद्वानांच्या मांडीला मांडी लावून बसलेला हा माणूस गिरणगावात, कामगारांच्या वस्तीत राहायला आला. त्या काळी आपल्या सातारा-सांगलीची कितीतरी माणसं परळ-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहत होती.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डमध्ये ज्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथावर त्यांनी इतकी वर्षे खर्ची घातली, तो तिथून छापून निघाला १९५० साली.